चंदनाचा हार

आईच्या फोटोला चंदनाचा हार घातलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आई माझ्याच शेजारी पाय पसरून बसली होती आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"बघू, काय लावलंय धैर्यानं?" ती म्हणाली. "पोरगं दिसतंय का त्यात?"

दिसत होतं. माझा धाकटा भाऊ धैर्यशील माझ्या मोबाईलवर एका चुलीपुढं मांडी घालून बसला होता. चूल धुमसत होती, कुठून तरी बासरी वाजत होती, आणि त्याचा आवाज भरून आला होता. "माझी आई," तो सांगत होता, "तीस वर्षं या धुरात फुंकणी घेऊन बसली. याच धुरानं तिला नेलं. तिच्या चितेसमोर मी शपथ घेतली, की दुसऱ्या कुणाच्या आईवर ही वेळ येऊ द्यायची नाही." मग आईचा फोटो आला. त्याला हार. खाली अक्षरं उमटली, 'कै. हौसाबाई खराडे'. आणि त्याच्या खाली, 'मायचूल. या कंपनीचे मालक तुम्ही व्हा.'

आईनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. तिला अक्षरं धड वाचता येत नव्हती, पण डोळे चांगले होते. "ही साडी मी गेल्या दिवाळीत नेसले हुते की गं. गणपतीच्या देवळाम्होरं काढलेला फोटू हाय ह्यो." मग जरा थांबून म्हणाली, "हार कशाला घातलाय?"

"तुला मारलंय त्यानं," मी म्हणाले.

"काय बी बोलू नगंस," असं म्हणून तिनं पुन्हा शेंग फोडायला घेतली. पण ती शेंग तिच्या हातात बराच वेळ तशीच राहिली.

धैर्यशील इंजिनियर. पुण्यात राहायचा. धूर न करणारी लोखंडी चूल त्यानं बनवली होती आणि चूल खरंच चांगली होती, हे मला आजही नाकारता येत नाही. लंडनमधला एक मित्र त्याचा भागीदार. कंपनी त्यांनी तिकडंच नोंदवली होती, कारण वेबसाईटवर जाहिरात करून चार लोकांकडून शेअरचे पैसे गोळा करायला तिकडं परवानगी आहे, आपल्याकडं नाही. कुणीही थोडेफार पैसे घालावेत आणि कंपनीत वाटेकरी व्हावं, असा तो मामला. पण एक मेख होती. ठरलेल्या मुदतीत ठरलेला आकडा गाठला तर पैसे मिळणार, नाही तर ज्याचे त्याला परत जाणार आणि कंपनीच्या हातात धुपाटणं. निम्मी मुदत उलटली होती आणि आकडा कुठंतरी खालीच अडकून बसला होता. एवढं मला ठाऊक होतं. तो वर चढवायला त्यानं कुणाला बोलावलं, ते ठाऊक नव्हतं.

मी त्याला फोन लावला.

"ताई, मी मीटिंगमध्ये आहे," तो कुजबुजला. "पाहिलंस का? कसं झालंय?"

"धैर्या, आई माझ्याशेजारी बसलीय. शेंगा फोडतीय."

"रविवारी येतो मी मिरजेला. शलाकालाही आणतो, ती नीट समजावून सांगेल. तोवर कुणाला काही बोलू नको. प्लीज."

ही शलाका म्हणजे प्रसिद्धीचं काम बघणारी बाई. तिशीची असेल. रविवारी ती आली, चपला नीट भिंतीला लावून ठेवल्या, आईच्या पाया पडली, खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली आणि आईनं थापलेली भाकरी खर्डा लावून खाल्ली. "किती ऑथेंटिक!" म्हणाली. मला आधी ती आवडलीसुद्धा. बोलणं असं साखरेत घोळलेलं, की पाच मिनिटं ऐकल्यावर आपणच काहीतरी आगाऊपणा करतोय असं वाटायला लागावं.

"मावशी, लोक चूल विकत घेतात, पण शेअर घ्यायचा म्हटलं की त्यांना गोष्ट लागते," ती आईला समजावत होती. "आधी आम्ही साधीच फिल्म केली होती. चूल कशी चालते, लाकूड किती वाचतं. कुणी बघितली नाही. मग तुमचा खोकला घेतला."

"मला कुटं खोकला हाय?" आई म्हणाली.

"म्हणजे तसा दाखवला. पण खोकल्याला कुणी थांबत नाही हो, मावशी. लोक अंगठ्यानं वर सरकवतात आणि पुढं जातात. शेवटी आम्ही हा निर्णय घेतला, आणि बघा, चार दिवसांत पेपरवाले आले, लंडनच्या महाराष्ट्र मंडळानं फिल्म सगळ्यांना पाठवली, एका रेडिओवर सरांची मुलाखत झाली."

"निर्णय म्हणजे मारायचा," मी म्हणाले.

"मारलं नाहीये, ताई. ती एक प्रातिनिधिक आई आहे."

"फोटो प्रातिनिधिक नाही. नावही नाही."

शलाकानं माझ्याकडं समजूतदार नजरेनं पाहिलं, हट्टी पोराकडं पाहतात तसं. मग हसून आईचा हात हातात घेतला. "आणि मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात ना? मावशी, तुमची आता शंभरी पक्की!"

धैर्यशीलही हसला. मी उठून मोरीत जाऊन चूळ भरून आले, तरी तोंडाची चव जाईना.

परत आले तेव्हा आई त्यालाच विचारत होती, "ह्यानं तुजं काम हुईल का?"

"होईल, आई," तो मान खाली घालून म्हणाला. "आणि नाही झालं तर सगळं संपलं. माझी उमेदीची वर्षं गेली यात. फक्त मुदत संपेपर्यंत. तू इथंच ताईकडं राहा. गावाकडं जाऊ नको, बाहेर फार पडू नको. शेवटच्या दिवशी पुण्यात कार्यक्रम आहे, तो झाला की मोकळी."

आईनं बोट फरशीवर फिरवत बराच विचार केला. मला वाटत होतं, आता ही त्याला दोन शब्द ऐकवेल. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग. दोन आठवडं मेलं तर काय झिजणार हाय माझं?"

"आई!"

"तू गप, शैले. पोराचं काम हुतंय." आणि मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "पर तातोबाला सांग. त्यो भोळा हाय. ते मोबाईलातलं त्याला खरंच वाटंल. बाकी कुणाला काय बी वाटू दे, माझ्या भावाला सांगितल्याबिगर न्हाई."

"आजच फोन करतो मामाला," धैर्यशील तिच्या पायाला हात लावून म्हणाला. "मी स्वतः."

तातोबामामा आईचा एकुलता एक भाऊ. जतकडच्या एका कोरड्या खेड्यात राहायचा. आजी लवकर गेली, तेव्हा हा रांगत होता. आईनंच त्याला कडेवर वागवून मोठा केला. त्याच्यापायी तिची शाळा पहिलीतच सुटली. तिचं लग्न झालं तेव्हा म्हणे तो वेशीपर्यंत गाडीमागं पळत आला होता आणि शेवटी तिलाच खाली उतरून त्याला परत घरी पोचवून यावं लागलं होतं. पुढं वडिलोपार्जित रानातला आपला हिस्सा तिनं त्याच्यासाठी हसत सोडून दिला होता. मामाकडं स्वतःचा फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात फोन करून बोलवावं लागे, आणि तो नंबर आईच्या मोबाईलमध्ये होता.

तो मोबाईल जाताना शलाका घेऊन गेली. "चुकून मावशींनी कुणाचा फोन उचलला तर सगळ्यावर पाणी पडेल. जपून ठेवते," म्हणाली. धैर्यशीलनं नंबर स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतला. मी बघितलं ते.

मग आमच्या घरी आईचं मरण सुरू झालं.

माझे मिस्टर रेल्वेत, आठवड्यातले निम्मे दिवस गाडीवर. मी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायची. तिथंही ती फिल्म पोचली होतीच. एका संध्याकाळी आमच्या जाधवबाई आणि ऑफिसातल्या दोघीजणी घरी भेटायला आल्या. जाधवबाईंनी मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, एवढं होऊन गेलं आणि तू बोलली पण नाहीस. रजासुद्धा घेतली नाहीस." त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. आई स्वयंपाकघरात दाराआड उभी होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आईनं दाराच्या फटीतून मान हलवली. नको.

तेवढ्यात आतून चहाचा वास आला. घरी माणसं आली की चहा ठेवायचा, एवढी एकच गोष्ट तिच्या हातांना ठाऊक. ती आपल्याच दुखवट्याला आलेल्यांसाठी चहा करत होती. जाधवबाई म्हणाल्या, "नको गं, अशा घरी चहा घेत नाहीत." आणि मग आत भांडं वाजलं तसं हळू आवाजात पुढं म्हणाल्या, "स्वयंपाकाला बाई ठेवलीयस वाटतं? बरं केलंस. अशा वेळी कुणीतरी हवंच हाताशी."

त्या निघाल्या. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, तशा काही न बोलता उठून गेल्या. आईनं चार कप चहा मोरीत ओतला.

त्या दिवसापासून ती बदलली. आधी गंमत करायची, 'मेलेल्या माणसाला भात जास्त लागतोय बघ,' वगैरे. आता बोलणं कमी झालं. खिडकीत बसायची नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला सांगितलं तर म्हणाली, "तूच लाव. मी लावून चालतंय का काय म्हाईत." मी धैर्यशीलला फोन करून शिव्या घातल्या. तो म्हणाला, "ताई, फक्त काहीच दिवस. आकडा कुठं गेलाय बघितलास का?" त्या आकड्याची मला इतकी किळस आली होती, की तो शब्द कानावर पडला तरी मी फोन ठेवून द्यायची.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दुपारी दार वाजलं. उघडलं तर तातोबामामा. डोक्यावर टोपी नाही. मामाला मी टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. दाढीची खुंटं वाढलेली, हातात कापडी पिशवी. मला बघितलं आणि त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला.

"शैला, लई उशीर झाला गं मला," तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला. "कुणी कळवलंच न्हाई. दुकानातल्या मोबाईलात बघितलं तवा कळलं, तवर सगळं हून गेलतं. माझ्या बहिणीच्या अंगावर माझं कापड पडलं न्हाई." त्यानं पिशवीतून घडी काढली. इरकल साडी होती, गडद जांभळी, लाल काठाची. "आता ह्याचं काय करू? तुझ्याकडं देतो. एखाद्या म्हातारीला नेसव तिच्या नावानं."

बाई मेली की माहेरची साडी तिच्या अंगावर घालायची, आणि ती आणायचा मान भावाचा. मामा तो मान घेऊन माझ्या दारात उभा होता.

"तातोबा," आतून आवाज आला.

आई बाहेर आली. मामानं तिच्याकडं पाहिलं आणि मागं सरकला. पायरीवरून पडलाच असता, मी धरला. मग तो तिथंच खाली बसला आणि तिच्या पायांच्या बोटांना हात लावून बघायला लागला, एकेक करून.

"आक्के?"

"हाय रं मी. हाय. तुला धैर्यानं फोन न्हाई केला?"

"कुणाचा फोन?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी कपाळाला हात लावला.

त्याला आत आणलं, पाणी दिलं. त्यानं तांब्या तोंडाला लावला, ठेवला, परत लावला. रडायचं का चिडायचं तेच त्याला कळत नव्हतं. "मी अंघोळ केली की गं तुझ्या नावानं," तो म्हणाला. "बातमी कळली तशी अंगावरच्या कापडासकट गार पाणी डोक्यावरनं वतून घेतलं. सुतक पाळलं. दहाव्याला पान वाढलं कावळ्याला. शिवतोय कुटं? बसला ताटकळत लिंबावर आन् नुसता बघतोय. मी म्हनलं, हिचा जीव कशात तरी आडकलाय. एकेक कबूल करत गेलो. म्हनलं, शैलीला दर दिवाळीला आणीन. न्हाई शिवला. म्हनलं, धैर्याच्या पोराला अंगठी करीन. न्हाई. शेवटी म्हनलं, आक्के, तू सोडलेला रानातला हिस्सा तुझ्या लेकीच्या नावावर करून देतो. तरी न्हाई शिवला गं! मला वाटलं, माझ्यावर एवढी रागावून गेली का काय. सगळं पान गाईला घातलं आन् रडत घरी आलो."

आईला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. "शिवंल कसा? त्याला दिसत हुतं की मी जिती हाय ते."

मग मामाही हसला. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून हसत होते आणि मी पहिल्यांदाच त्या पंधरवड्यात मोकळा श्वास घेतला. मला वाटलं, धैर्यशील विसरला असेल. कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल. विसरणं मी माफ केलं असतं.

"पर मग ती पोरं कशाला आलती?" मामानं डोळे पुसत विचारलं.

"कुठली पोरं?"

"पुण्याची. दोगंजण आन् एक बाई. क्यामेरा घेऊन आलती. म्हनली, धैर्यशील सरांनी पाठवलंय, तुमच्या बहिणीबद्दल सांगा. मी सुतकात बसलेलो. सांगितलं जसं सुचलं तसं. लहानपणचं. तुझ्या गाडीमागं पळालेलं. मला मधेच बोलता ईना, तर ती बाई म्हनली, थांबू नका मामा, असंच येऊ द्या. लई मायेची होती. जाताना माझ्या पाया पडली."

आईचं हसू गेलं. मी फोन उचलला आणि त्या दोघांसमोर धैर्यशीलला लावला, आवाज मोठा करून.

"मामाला का सांगितलं नाहीस?"

तो म्हणाला, "ताई, मी करणारच होतो. शलाका म्हणाली, दोन दिवस थांबू. मामाला कळलं तर त्याला नाटक जमणार नाही. आणि खरं सांगू का, मामाची फिल्म टाकली त्यानंतर तर आकडा धडाधड चढला. लोक फोन करून रडतायत. अगं, तसं खरं दुःख कुणाला करून दाखवता येत नाही."

मामाला ते सगळं कळलं की नाही, कुणास ठाऊक. तो तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. मला भावाचा आवाज ऐकवेना. मी फोन बंद केला आणि हात साडीला पुसले. हाताला काही लागलं नव्हतं, तरी पुसत राहिले.

आईनं खाली पडलेली इरकल साडी उचलली, मांडीवर घेतली, काठ उलगडून बघितला.

"शैले," ती म्हणाली, "ह्याला फॉल लाव."

"आई?"

"परवा पुण्याला जायचं. माझा कार्यक्रम हाय न्हवं?"

मी तोवर शेकडो साड्यांना फॉल लावले असतील. पण जी साडी कुणी पुन्हा धुणार नाही, नेसणार नाही, असं समजून आणली होती, तिच्या काठाला मी आतून टाके घालत होते.

पुण्यातलं ते सभागृह थंडगार होतं. आम्ही तिघं सकाळीच एसटीनं पोचलो होतो. दारातल्या मुलीनं नावं विचारली, मी म्हणाले, "घरचीच माणसं आहोत." आत शिरलो तेव्हा दिवे मंद होते आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर तातोबामामा रडत होता. केवढा मोठा चेहरा! नाकातून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. "माझी आय तीच हुती," पडद्यावरचा मामा म्हणत होता. खालच्या पट्टीत इंग्रजीत त्याचा अर्थ येत होता. खरा मामा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि दिवे लागेपर्यंत वर केली नाही.

व्यासपीठावर एका बाजूला आईचा फोटो, त्याला तो हार, पुढं समई. दुसऱ्या बाजूला लंडनची मंडळी पडद्यावर चौकोनात बसलेली. मध्ये मोठ्या अक्षरांत टक्के. शंभराला थोडे कमी होते. धैर्यशील हात जोडून उभा होता.

आई मधल्या वाटेनं चालत गेली. कुणी अडवलं नाही. पायऱ्या चढून ती आपल्या फोटोशेजारी जाऊन उभी राहिली. तोच चेहरा, तेच कुंकू नसलेलं कपाळ. आधी पुढच्या रांगेत कुजबुज झाली, मग ती मागं सरकत गेली. धैर्यशील पांढराफटक पडला. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता फुटलं भांडं. आता ही माणसं खुर्च्या उचलून मारतील ह्याला.

शलाकानं त्याच्या हातातला माईक घेतला. एक क्षण, फार तर दोन. मग तिचा आवाज आला, गोड, भरलेला.

"मित्रहो! ज्या क्षणाची आम्ही वाट बघत होतो तो क्षण! धुरानं जिला मरणाच्या दारात नेलं, जिला आपण सगळ्यांनी मनातून निरोप दिला, ती आई आज तुमच्यासमोर उभी आहे! तुमच्या एकेका शेअरनं अशीच एकेक आई परत येणार आहे!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उभे राहून वाजवल्या. कुणी डोळे पुसत होतं, कुणी मोबाईल उंच धरून शूटिंग करत होतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक आजी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पण मग फिल्ममध्ये चितेचं का सांगितलं?" तो म्हणाला, "अगं, मार्केटिंग असतं ते. काय डोकं आहे पोराचं!" लंडनचे चौकोनही टाळ्या वाजवत होते. मधला आकडा हलला, पुन्हा हलला, आणि शंभराच्या पुढं गेला. इतका वेळ मला माझ्या भावाचीच शिसारी येत होती. आता त्या अख्ख्या सभागृहाची आली. एकालाही आपल्याला फसवल्याचा राग नव्हता. रडायला मिळालं होतं, वर हसायलाही मिळालं होतं, त्यांचे पैसे वसूल झाले होते.

धैर्यशीलच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो आईजवळ गेला, तिला मिठी मारायला हात पसरले. शलाकानं माईक आईच्या तोंडापुढं धरला. "मावशी, दोन शब्द."

आईनं माईक बाजूला सारला. ती फोटोकडं वळली, त्याच्यावरचा चंदनाचा हार काढला, दोन्ही हातांत धरून जरा वेळ बघितला. मग तो धैर्यशीलच्या गळ्यात घातला. त्यानं मान वाकवून घालून घेतला. सभागृह पुन्हा टाळ्यांनी दणाणलं. तो हसत होता. हार नीट बसला नव्हता, तर आईनंच तो खांद्यावर सारखा केला.

"मावशी, पुन्हा एकदा घाला ना!" फोटोवाला खालून ओरडला. "इकडं बघून!"

"एकदाच घालत्यात ह्यो," आई म्हणाली.

ते ऐकू आलं फक्त जवळच्यांना. धैर्यशीलचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "आई," तो म्हणाला, "आई, असं काय…" ती पायऱ्या उतरत होती. दरवेळी त्याच्या घरून निघताना ती उंबऱ्यात उभी राहून चारदा 'येते रं, येते बाळा' म्हणायची, निघायचंच नाव घ्यायची नाही. त्या दिवशी ती एका शब्दानं काही बोलली नाही. मामाच्या दंडाला धरलं आणि दाराबाहेर पडली. धैर्यशील दोन पायऱ्या खाली आला होता. तेवढ्यात पेपरवाल्यांनी त्याला घेरलं.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. मामानं एकदा विचारलं, "आक्के, पाणी पितीस?" तिनं मान हलवली. मामा तिच्या शेजारी हातात रिकामी कापडी पिशवी धरून बसून राहिला.

दिवेलागणीला घरी पोचलो. मी कुलूप काढलं, दार ढकललं. आई आत आली नाही. ती चपला काढून वळसा घालून मागच्या अंगणात गेली, नळाखालच्या बादलीजवळच्या दगडावर बसली. मामा तिच्या मागोमाग गेला, आणि ती बसलेली बघून जागच्या जागी थांबला.

"आक्के," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "असं करू नगंस. तुझं पोर हाय ते." मग काही सुचेना तसं म्हणाला, "साडी तर सोड आधी. नवी हाय."

"असू दे."

"थांब जरा आई, पाणी तापवून देते," मी म्हणाले.

"नगं," ती म्हणाली. "ह्याला गारच घेत्यात." आणि तिनं पहिला तांब्या डोक्यावरून ओतून घेतला.